धूर सायलेन्सरमध्ये तयार होत नाही

काळ्या धुराचा विषय निघाला की सगळे सायलेन्सरकडे बघतात. पीयूसीवाला तिकडूनच नळी आत घालतो, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतल्या नवीन गाड्यांचा महागडा मालही तिकडेच बसवलेला, फिल्टर काय, युरियाची टाकी काय, कॅटॅलिस्ट काय. पण काजळी तिथे तयार होत नाही ना. ती तयार होते सिलिंडरच्या आत, नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाच्या) टोकापासून दोन-चार सेंटीमीटरवर, आणि तेही एक-दोन मिलिसेकंदात. तेवढ्या वेळात डिझेल आणि हवा नीट मिसळली तर पुढे फार काही करायला लागत नाही, आणि नाही मिसळली तर मग मागे लाखभराची भांडी लावून ती काजळी गोळा करत बसायचं. इंजिन टेस्टिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा विषय डोक्यात कायमच असतो, आणि गेली काही वर्षं त्यातली एक अगदी साधी कल्पना मला सोडत नाहीये. एका छोट्या नळीची कल्पना आहे. तिच्याबद्दलच लिहायचंय, पण आधी फवाऱ्याच्या आत काय चालतं ते सांगावं लागेल, नाहीतर नळीची गंमत कळणार नाही.

आपल्याकडच्या मेकॅनिकलच्या बहुतेक कॉलेजांत थर्मलच्या लॅबमध्ये किर्लोस्करचं एक सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन असतं, टीव्ही-१. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, १५०० आरपीएम, ५.२ किलोवॅट, कॉम्प्रेशन रेशो १७.५. ज्यांनी त्यावर रीडिंग घेतलीत त्यांना हे आकडे पाठ असतील. आता त्याचाच हिशोब करू. फुल लोडला तासाला साधारण १.३ किलो डिझेल धरा. फोर स्ट्रोक आहे, दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल सुटतं, म्हणजे मिनिटाला ७५० इंजेक्शन, तासाला ४५ हजार. म्हणजे एका इंजेक्शनला जेमतेम २९ मिलिग्रॅम डिझेल, पाण्याच्या एका नेहमीच्या थेंबापेक्षाही कमी. आणि वेळ किती? १५०० आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे ०.११ मिलिसेकंद, वीस अंश इंजेक्शन चाललं तरी सव्वादोन मिलिसेकंदात खेळ खल्लास. एवढ्यात त्या थेंबाचा फवारा व्हायचा, त्याची वाफ व्हायची, वाफेला हवा मिळायची, पेट घ्यायचा आणि पूर्ण जळायचं.

तेवढं डिझेल एकाच थेंबात राहिलं असतं तर तो चारेक मिमी व्यासाचा झाला असता. त्याचे २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कण केले तर ८० लाख कण होतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग २०० पट वाढतो. इंजेक्शनवर गेली सव्वाशे वर्षं जी मेहनत झाली ती बरीचशी या २०० पटीसाठी झालीये असं म्हटलं तरी चालेल.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास होती, त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने प्रचंड, पण डिझेल आत फवारायला तो दाबलेली हवा वापरायचा आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागायचा. असलं धूड मोटारीत कोण बसवणार? रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ साली प्लंजरचा इनलाइन पंप मोठ्या प्रमाणात बनवायला घेतला तेव्हा कुठे डिझेल ट्रकमध्ये रुळलं, आणि पुढे कितीतरी दशकं तोच पंप थोड्याफार फरकाने चालत राहिला. त्याची मूळ अडचण अशी की प्रेशर इंजिनच्या स्पीडवर अवलंबून. इंजिन हळू फिरत असताना लोड आला, म्हणजे घाटात गिअर न बदलता ट्रक ओढतोय अशी स्थिती, की नेमका तेव्हाच फवारा सुस्त, आणि म्हणून नेमका तेव्हाच धूर.

कॉमन रेलने हे तोडलं. पंपाचं काम फक्त रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना मिळून असलेल्या एका जाड नळीत, प्रेशर भरून ठेवायचं, कधी आणि किती सोडायचं ते इंजेक्टरवरची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था ठरवणार. जपानमध्ये डेन्सोने १९९५ ला हिनोच्या ट्रकमध्ये आणलं. कारसाठी फियाटच्या लोकांनी इटलीत काम केलं, तयार मालापर्यंत बॉशने नेलं आणि १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते रस्त्यावर आलं, तेव्हा प्रेशर १३५० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). आज २००० ते २५०० बार बघायला मिळतात. त्याच घराण्यातलं १.३ मल्टिजेट इंजिन आपल्या रांजणगावला फियाट-टाटाच्या प्लांटमध्ये बनायचं आणि एका काळात आपल्याकडच्या निम्म्याअधिक कंपन्यांच्या छोट्या डिझेल गाड्यांत तेच धडधडत होतं असं वाटायचं. त्यात एका चक्रात पाचपर्यंत इंजेक्शन व्हायची. आधी दीड-दोन घन मिलिमीटरचा छोटा पायलट शॉट, तो पेटून आतलं वातावरण गरम करतो, मग मुख्य इंजेक्शन आलं की ते धाडकन न पेटता सावकाश पेटतं, म्हणून तो जुना डिझेलचा खडखडाट गेला.

पण नुसतं प्रेशर वाढवून सगळं सुटलं का, तर नाही. इथे १९९७ मधलंच दुसरं एक काम सांगायला पाहिजे, आणि माझ्या मते या विषयातलं ते सगळ्यात सुंदर काम आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला सँडिया नॅशनल लॅबोरेटरीज आहे, तिथे काचेच्या खिडक्या बसवलेलं इंजिन चालवून त्यात लेझर टाकून फवाऱ्याच्या आत काय चाललंय ते बघितलं गेलं, आणि जॉन डेक यांनी त्यावरून ज्वलनाचं एक चित्र मांडलं. त्याआधी समज असा होता की डिझेलचा कण न् कण स्वतःभोवती ज्योत घेऊन जळतो. तसं नव्हतंच. कण ज्योतीपर्यंत पोचायच्या आधीच वाफ होऊन गेलेले असतात. ती वाफ आणि आजूबाजूने ओढली गेलेली गरम हवा यांचं मिश्रण पुढे सरकतं, त्यात डिझेलचं प्रमाण हवेच्या मानाने गरजेपेक्षा चौपट, ते अर्धवट जळतं आणि तिथेच काजळी जन्माला येते. मग या सगळ्याच्या बाहेरून एक पातळ ज्योतीचं कवच असतं, तिथे ताजी हवा मिळते, बरीचशी काजळी तिथे जळून जाते. जी राहते ती आपल्याला दिसते.

आणि त्याच बाहेरच्या कवचावर, जिथे तापमान २००० अंशांच्या पुढे जातं, हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) तयार होतात. म्हणजे काजळी आत, नॉक्स बाहेर, एकाच ज्योतीत दोन्ही. आता झाली का पंचाईत? टायमिंग ॲडव्हान्स करा, म्हणजे डिझेल थोडं आधी सोडा, ज्वलन लवकर होतं, जास्त गरम होतं, काजळी कमी आणि ॲव्हरेज चांगलं, पण नॉक्स वाढलं. टायमिंग मागे घ्या किंवा ईजीआरने थोडा एक्झॉस्ट परत आत सोडा, तापमान उतरतं, नॉक्स कमी, पण काजळी वाढली. ज्यांनी कॉलेजच्या त्या इंजिनवर नेहमीच्या २३ अंशांवरून (पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधी क्रँकचे २३ अंश) टायमिंग पुढेमागे करून बघितलंय त्यांनी हे स्मोक मीटरवर डोळ्यांनी बघितलं असेल. सगळी डिझेल इंडस्ट्री कित्येक वर्षं या एका वक्ररेषेवर पुढेमागे सरकत राहिलीये, आणि बीएस-६ ने दोन्ही बाजूंनी एकदम दाबलं. डिझेल कारचं नॉक्स बीएस-४ ला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम चालत होतं ते ८० वर आलं, कण २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर. मग कंपन्या काय करणार, मागे डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर लावा, युरियाने नॉक्स कमी करणारं एससीआर लावा.

डीपीएफला माझा विरोध नाही, शहरातल्या माणसाच्या फुप्फुसासाठी तो हवाच. पण त्याची किंमत इंजिनच भरतं हे लोकांना सांगितलं जात नाही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं एक्झॉस्ट तेवढं तापतच नाही, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम उशिरा जादा डिझेल सोडतो. हे डिझेल गाडी ओढायला नाही, फक्त फिल्टर तापवायला. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं, ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर लेव्हल वर चढलेली दिसते आणि मालकाला वाटतं ऑइल जास्त भरलं कोणीतरी. म्हणजे बघा, काजळी आधीच कमी तयार झाली असती तर ते डिझेलही वाचलं असतं, ऑइलही वाचलं असतं आणि फिल्टरही जास्त टिकला असता. म्हणून मी म्हणतो की मुळाशी काम करणं जास्त महत्त्वाचं.

आता ती नळी.

सँडियामधलेच चार्ल्स म्यूलर, त्यांची कल्पना बन्सन बर्नरवरून आलेली आहे. बन्सन बर्नर आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत बघितलाय, गॅस नळीतून वर येताना खालच्या भोकातून हवा ओढतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि तोंडाशी निळी ज्योत. भोक बंद केलं की ज्योत पिवळी. घरच्या गॅसच्या शेगडीचंही तेच, हवेची वाट तुंबली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांची बुडं काळी व्हायला लागतात, तो पिवळा रंग तापलेल्या काजळीचाच. म्यूलर यांचा प्रश्न असा की डिझेलच्या प्रत्येक फवाऱ्यासमोर अशीच एक छोटी नळी धरली तर? दोन-तीन मिमी आतला व्यास, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबी, नोझलच्या भोकापासून थोडं अंतर सोडून, बरोबर फवाऱ्याच्या रेषेत. फवारा नळीत शिरताना आपल्याबरोबर हवा ओढून नेतो, आत जोरात घुसळण होते, आणि नळीमुळे आजूबाजूचा गरम वायू लगेच भिडत नाही म्हणून पेट घ्यायला थोडा उशीर होतो. बाहेर पडेपर्यंत मिश्रण बरंच पातळ झालेलं असतं. डिझेल हवेच्या मानाने गरजेच्या दुपटीच्या खाली आलं की काजळी तयारच होत नाही जवळपास, सगळा खेळ त्या आकड्याच्या खाली जायचा आहे.

याला डक्टेड फ्युएल इंजेक्शन म्हणतात. २०१७ साली त्यांचा पेपर आला, तेव्हा बंद चेंबरमधले प्रयोग होते, फवाऱ्याची ज्योत पिवळीजर्द होती तिथे नळी लावल्यावर ती चमक जवळजवळ गायब. नंतर चालत्या इंजिनमध्ये आधी दोन नळ्या आणि मग चार नळ्या लावून झालं. पण मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची. काजळी इतकी खाली गेली की आता ईजीआर बिनधास्त वाढवता येतो, आणि नॉक्सही खाली आणता येतं. ज्या वक्ररेषेवर सगळे इतकी वर्षं पुढेमागे सरकत होते तिच्या बाहेर पडायचा रस्ता! आणि त्यासाठी काही नवीन इंधन नाही, नवीन इलेक्ट्रॉनिक्स नाही, हलणारा एकही पार्ट नाही. धातूच्या नळ्या. ज्या दिवशी मी पहिल्यांदा त्या ज्योतींचे फोटो शेजारी शेजारी बघितले त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. नळी फवाऱ्याच्या रेषेत अगदी काटेकोर बसली पाहिजे, थोडी तिरकी झाली की डिझेल नळीच्या भिंतीला लागतं आणि फायदा जातो. इंजिनच्या आयुष्यात लाखो नव्हे, कोट्यवधी वेळा ती तापणार-निवणार. पिस्टन वर आला की त्याच्या माथ्यावरच्या खोलगट भागात (बाऊलमध्ये) तिला जागा हवी. थंड इंजिन सुरू करताना वेगळं वागणार. आठ भोकांच्या इंजेक्टरला आठ नळ्या दाटीवाटीने बसवायच्या म्हणजे शेजारशेजारच्या फवाऱ्यांना हवा पुरली पाहिजे. प्रॉडक्शनवाला माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल. पण या सगळ्या मशीनिंगच्या आणि मटेरियलच्या अडचणी आहेत, आणि नोझलची सुई आणि बॉडी यांच्यातली दोन-तीन मायक्रॉनची फट लाखो नगांत सांभाळणारे हात आपल्या नाशिकला सातपूरमध्ये आहेत, त्यामुळे हे जमणारच नाही असं मी तरी म्हणणार नाही.

अजून एक. ज्या इंधनात स्वतःचाच ऑक्सिजन आहे त्याच्याबरोबर नळी अजून छान चालते. आपल्याकडे करंजाच्या तेलाच्या बायोडिझेलवर कॉलेजांमधून ढिगाने प्रोजेक्ट झालेत. बायोडिझेलमध्ये वजनाने १० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असतो, म्हणून काजळी मुळातच कमी, पण ते डिझेलपेक्षा थोडं घट्ट, त्यामुळे कण मोठे पडतात. हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. तिथे नळीने मिसळणं सुधारलं तर घट्टपणाचा तोटा भरून निघेल असं मला वाटतं. (कच्चं तेल थेट टाकायचा मोह मात्र नको, ते डिझेलच्या दहापट घट्ट असतं, नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतं आणि काही दिवसांत फवाऱ्याची धार होते.)

आता हे सगळं प्रयोगशाळेतलं. शेतातल्या आणि साइटवरच्या इंजिनचं काय? तिथे आजही मेकॅनिकल पंप आणि साधं नोझल आहे, दोनशे बारच्या आसपास उघडणारं, आणि तिथला बराचसा धूर कुठल्याही संशोधनाशिवाय जाऊ शकतो. नोझल काढून टेस्टरवर, म्हणजे हाताने प्रेशर देणाऱ्या पंपावर, लावा, हँडल मारा. नीट असेल तर कर्र कर्र असा आवाज येतो, फवारा धुक्यासारखा बारीक पडतो आणि बंद झाल्यावर टोक कोरडं राहतं. टोकाला थेंब लोंबकळला की समजायचं टपकतंय, तो थेंब वेळ टळून गेल्यावर आत पडतो आणि नुसता धूर होऊन जातो. आमच्याकडचे एक जुने पंपवाले अण्णा आहेत, ते इंजिन न बघता नुसत्या टेस्टरच्या आवाजावरून सांगतात की हे धूर करत असणार. एकदा एक शेतकरी दादा ट्रॅक्टर घेऊन आले, म्हणाले, "अण्णा, ताकद कमी पडतीये, पंपाचा स्क्रू जरा वाढवा." अण्णांनी स्क्रूला हातच लावला नाही. म्हणाले, "डिझेल भरपूर चाललंय दादा, ते जळत नाहीये. जे काळं निघतंय ते तुमचं डिझेलच आहे." नोझल बदलली, एअर फिल्टर झटकून नव्हे तर नवीन टाकला, आणि ताकद आली. स्क्रू वाढवून घेणं हा आपल्याकडचा सगळ्यात वाईट रिवाज आहे, हवा तेवढीच, डिझेल मात्र वाढवलं, मग ते जळणार कशाच्या जिवावर?

टेस्टरवर काम करताना फवाऱ्याखाली हात कधीही नेऊ नका. ते डिझेल कातडी फोडून आत शिरतं, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. कोणाला असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल. आणि आता ५० एचपीच्या वरचे ट्रॅक्टर जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ या प्रदूषणाच्या नियमांचे आलेत, जनरेटरला जुलै २०२३ पासून तसेच सीपीसीबी-४ प्लस नियम आलेत, त्यात कॉमन रेल वाढत चाललंय. जुन्या इंजिनवर कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायला चालू इंजिनचा नोझलकडे जाणारा डिझेलचा पाइप ढिला करायची सवय सगळ्या मेकॅनिकना आहे. कॉमन रेलवर हे करायचं नाही, तिथे दीड-दोन हजार बार आहे, जिवावर बेतेल. आणि बॅरलमधून फडक्याने गाळून भरलेलं डिझेलही चालायचं नाही, पाण्याचे दोन थेंब नि धूळ इंजेक्टर खलास करायला पुरेसे आहेत. नवीन ट्रॅक्टर नाजूक आहेत अशी तक्रार ऐकू येते ती बऱ्याचदा इथून सुरू होते. बारीक फवारा पाहिजे तर बारीक भोक लागणार, आणि बारीक भोकाला स्वच्छ डिझेल लागणार, त्याला इलाज नाही.

पेट्रोलचं मी मुद्दामच घेतलं नाही. बाइकचा कार्ब्युरेटर जाऊन १ एप्रिल २०२० नंतर एफआय (फ्युएल इंजेक्शन) आलं ते चांगलंच झालं, पण तिथे इंधन बाहेरच्या पोर्टमध्ये हवेत मिसळून मग आत जातं, काजळीचा प्रश्न वेगळाच आहे.

माझ्या मनात आहे ते हे. लॅबमधलं ते सिंगल सिलिंडर इंजिन, त्याच्या नोझलला तीन भोकं, म्हणजे नळ्याही तीनच लागतात. इंजिनचा स्पीड ठरलेला, हेड काढायला सोपं. हेडच्या खालच्या बाजूला एक रिंग बसवून तिला तीन नळ्या धरायच्या, आधी हाताने फिरवून क्ले लावून पिस्टनशी अंतर तपासायचं, मग नोझल फिरणार नाही याची पिन पक्की करायची, कारण फवारा नळीच्या मध्यात गेलाच पाहिजे. मग नळीसह आणि नळीशिवाय, २३ अंशांना आणि त्याच्या पुढेमागे, स्मोक मीटर, नॉक्स आणि डिझेलचा खप. दोनशे बारला फवाऱ्याचा जोर कमी, त्यामुळे नळी हवा किती ओढेल हाच खरा प्रश्न, आणि म्हणूनच तो प्रयोग करण्यासारखा आहे, कारण आपल्या शेतात आजही तेच प्रेशर आहे. फायनल इयरची कोणती टीम हे करायला तयार असेल तर कमेंटमध्ये लिहा, नळी नेमक्या जागी धरणाऱ्या जिगचं ड्रॉइंग मी काढून देतो.